दिवसा ओरडणारा रातकिडा

१

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या छावणीतल्या जनावरांच्या तोंडचा घास गेला. तो कुणी चोरला नाही, वाटेत कुणी लुटलाही नाही. तो फोनवर हरवला. चोर असता तर निदान त्याच्या मागं धावता तरी आलं असतं.

मी त्रिंबक, मांजराकाठ सहकारी दूध संघाचा हेडक्लार्क. नांदूरघाटच्या रस्त्याला आमचं ऑफिस, आणि मागच्या माळावर संघानं चालवलेली छावणी. त्या साली पावसानं श्रावणातच तोंड फिरवलं होतं. दूध आटलं होतं आणि दुधाच्या संघात दुधापेक्षा चाऱ्याच्याच गोष्टी चालायच्या. खिशातला फोन तोवर आमच्या भागात आला नव्हता. जे काही बोलणं व्हायचं ते भिंतीतल्या वायरीवरून.

गोदाकाठच्या एका साखर कारखान्यानं उसाचं वाढं द्यायचं कबूल केलं होतं. नवमीला कारखान्याचा फोन येणार, आमच्या अध्यक्षांनी स्वतः ‘हो’ म्हणायचं, की गाड्या निघणार. अध्यक्ष सुंदरराव सकाळपासून केबिनमध्ये फोनकडं डोळे लावून बसले. दिवस मावळला, फोन वाजला नाही.

दसऱ्याला सकाळीच साहेब जीप काढून कारखान्यावर गेले आणि तोंड पाडून परत आले. गाड्या आदल्या संध्याकाळीच उमापूरच्या छावणीला गेल्या होत्या. कारखान्याचा माणूस म्हणाला, “तीनदा फोन केला. तुमच्या ऑपरेटर बाईंनी तिन्ही वेळा सांगितलं, साहेब बोलत आहेत, थोड्या वेळानं करा. आम्ही किती वाट बघायची?”

“मी बोलत होतो?” साहेब आमच्यापुढं टेबलावर मूठ आपटून म्हणाले. “मी दिवसभर त्या फोनला हात लावला न्हाई! लाईन अडकू नये म्हणून घरी जेवायचा निरोपसुद्धा माणसाकडून धाडला. आश्रुबा पूजेचं ताट घेऊन आला, त्यालाही म्हणलं, माझा फोन उतरवू नको, वरून बोट लाव फक्त!”

आश्रुबा हा वजनकाट्यावरचा जुना माणूस. खंडेनवमीला तो संघातल्या प्रत्येक हत्याराची पूजा करायचा. विळा खुंटीवरून उतरवायचा, जीपची किल्ली काढायची, सगळं लाल फडक्यावर निजवून हळदकुंकू वाहायचं. त्या दिवशी हत्याराला विसावा द्यायचा, असा त्याचा नेम. चालणारं यंत्र आणि बंद पडलेलं यंत्र असा भेद त्याच्याकडं नव्हता.

ऑपरेटर होती मनकर्णा. तिच्या घरात पगार घेणारी ती पहिलीच. आणि तिचं माहेर होतं उमापूर.

एवढं कळल्यावर उपाध्यक्ष उत्तरेश्वर खुर्चीत सरसावून बसले. “घ्या! गंगा कुणीकडं वाहिली ते दिसलं का? माहेरच्या गुरांना चारा, आमच्या गुरांना ठेंगा. आणि दुसऱ्या दिवशी बाई रजेवर!”

२

शनिवारी संचालकांची बैठक होती. त्याआधी मनकर्णानं स्वतःहून राजीनामा द्यावा, नाहीतर बैठकीत काढून टाकू, असं तिला सांगण्यात आलं. हे सांगण्याचं गोड काम अर्थातच माझ्याकडं आलं. मला ते अजिबात आवडलं नाही, पण हेडक्लार्कला आवडनिवड विचारतो कोण.

ती रडली नाही. फक्त म्हणाली, “साहेब, राजीनामा दिला तर मी ते केलं असा अर्थ होतो ना?”

“होतो.”

“मग न्हाई देत.”

तिथून मी सरळ वच्छलाबाईंकडं गेलो. वच्छलाबाई महिला जागेवरच्या संचालिका. त्याआधी जन्मभर कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका. निवडून आल्यावर लोकांना वाटलं होतं, बैठकीला यांचे यजमान येतील. पहिल्याच बैठकीला बाई आल्या, आणि उत्तरेश्वरांनी गालातली तंबाखू घाईघाईनं गिळली. त्यांच्या बायकोला बाईंनी शिकवलं होतं आणि छड्याही दिल्या होत्या.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. “त्रिंबकराव, वर्गात खडू चोरीला गेला की सगळे एकाच मुलीकडं बोट दाखवतात. तेव्हा मी आधी कपाट बघायची. चला.”

मनकर्णा तिच्या टेबलाशीच बसली होती. नवं मशीन येऊन दोनच आठवडे झाले होते. जुना बोर्ड चार वर्षांपूर्वी वीज पडून जळाला, तेव्हापासून सगळ्या संघाला दारातला एकच फोन होता आणि शिपायाच्या हाका होत्या. आता प्रत्येक खोलीत फोन, आणि मनकर्णापुढच्या मशीनवर प्रत्येक खोलीचा एक बारका दिवा. त्या खोलीत फोन उचलला की दिवा लाल.

“नवमीला काय झालं ते सांग, पोरी,” बाई म्हणाल्या.

“साहेबांच्या खोलीचा दिवा लाल होता, बाई. सकाळी पूजा आटपल्यावर थोड्या वेळानं लागला, तो मी घरी जाईपर्यंत लालच.”

“दिवसभर कुणी फोनवर बोलतं का? उठून बघितलं का नाहीस?”

मनकर्णानं माझ्याकडं बघितलं. मीच सांगितलं, “आठवड्यापूर्वी साहेब कलेक्टर ऑफिसशी बोलत होते, तेव्हा ही निरोप घेऊन आत गेली. साहेब सगळ्यांदेखत ओरडले, मी बोलत असलो की आत यायचं न्हाई.”

“म्हणून मी गेले न्हाई,” मनकर्णा म्हणाली. “मला वाटलं, कारखान्याशीच दुसऱ्या कुणामार्फत बोलणं चाललं असंल.”

“त्याच्या आधी कधी असा लाल राहिला होता?”

“कधीच न्हाई. दसऱ्यानंतरही न्हाई.”

बाई मशीनकडं बघत राहिल्या. काच स्वच्छ पुसलेली होती. टायपरायटरवर, तिजोरीवर, माझ्या स्टेपलरवरसुद्धा अजून कुंकवाचे डाग होते. या मशीनवर नव्हते.

“याची पूजा नाही झाली?”

“आश्रुबामामा आलते ताट घेऊन. मी म्हणलं, मामा, आमच्यात न्हाई करत. मी ह्याला रोज कोरड्या फडक्यानं पुसते, तेवढं बास. त्यांनी बत्तासा ठेवला न् हसत गेले. पण उपाध्यक्षसाहेब तिथंच हुते. त्यांनी ते ध्यानात ठेवलंय.”

ठेवलं होतंच. दुपारी उत्तरेश्वर व्हरांड्यात चारचौघांना सांगत होते, “जे मशीन पूजेला नको म्हणलं, त्यानंच दगा दिला. तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली.” बाईंनी ते ऐकलं आणि शांतपणे त्यांनाच आत बोलावलं.

३

“उत्तरेश्वर, नवमीला तुम्ही कुठं होतात?”

“साहेबांपाशी केबिनीत. सकाळपासून सांजपर्यंत. डबा बी तिथंच खाल्ला.”

कशासाठी, ते बाईंनी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. चाऱ्याचं श्रेय एकट्या सुंदररावांना मिळू नये म्हणून हे तिथं ठाण मांडून बसले होते.

“साहेबांनी फोन उचलला?”

उत्तरेश्वरांचा क्षणभर घोळ झाला. साहेबांना खोटं पाडायची ही नामी संधी होती. पण समोर वच्छलाबाई होत्या. “न्हाई,” ते म्हणाले. “खोटं कावून बोलू? फोन जागचा हालला न्हाई. मी त्याच्याकडंच बघत हुतो.”

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, “साहेबांचा हा सगळ्यात मोठा वैरी. तोही म्हणतो फोन खालीच होता. म्हणजे साहेब खरं बोलतात.”

“मग मनकर्णा खोटं बोलते?” मी विचारलं.

“ती खोटं बोलणारी असती तर तिनं सांगितलं असतं की फोन आलाच नाही. साहेब बोलत होते, असलं लगेच उघडं पडणारं खोटं कोण सांगेल? तिलाही खरं धरून बघू.”

“दोघंही खरं? मग दिवा का लागला?”

“तेच विचारू. ज्यानं दिवा बसवला त्याला.”

बंकट हा बीडचा फोनवाला. बैठकीच्या आदल्या दिवशी तो स्कूटरवरून आला तो तणतणतच. “बाई, मशीनला काय बी झालं न्हाई. दसऱ्यानंतर सगळं तपासून गेलतो मी. साहेबांची लाईन टकाटक हाय. ऑपरेटरची चूक मशीनवर ढकलू नका.”

“वायर कुठली वापरली?”

“जुनीच. भिंतीत बंद हुती, उंदरानं बी तोंड लावलं न्हवतं. आतलं तांबं अस्सल. दुष्काळात नवी कावून टाकायची? तुमच्याच बैठकीनं शाबासकी दिलती मला.” ते खरं होतं. टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

“जुनी वायर कुठून कुठं जाते, ते कसं कळलं?”

“सोपं हाय. एक टोक जुन्या बोर्डापाशी, दुसरं साहेबांच्या केबिनीत. हिकडून आवाज सोडला, तिकडं ऐकला. झालं.”

“दोन टोकं बघितली. आणि मधलं?”

बंकट हसला. “मधलं भिंतीत, बाई. भिंत फोडून बघू का?”

बाई हसल्या नाहीत. त्या व्हरांड्यात जाऊन भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या. मी मागं होतो. त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “त्रिंबकराव, हे फक्त नवमीला घडलं. नवमीला इथं असं काय होतं, जे वर्षात दुसऱ्या कुठल्याच दिवशी होत नाही?”

४

आश्रुबा वजनकाट्यापाशी बसून सुतळी वळत होता. काट्याच्या मागं एक बारकी खोली, कडीला कुलूप. संघ काढणारे पहिले अध्यक्ष, आमचे अण्णा, सकाळचं दूध येताना तिथं बसायचे. ते गेल्यापासून खोली बंद होती.

“काय आश्रुबा, जनावरं कशी आहेत?”

“हायेत, बाई. वाळलं कडबं चघळत्यात. कालच्याला एक गाय माझ्याकडं बघून अशी हंबरली, की मला घास गिळंना.” त्यानं डोळे पुसले. “मनकर्णाताईला काढणार म्हणत्यात. लई गरीब लेकरू हाय ते.”

तेवढ्यात बंद खोलीतून आवाज आला. कर्र... कर्र... मग गप्प. मग पुन्हा कर्र.

“हे काय?” बाई म्हणाल्या.

“रातकिडा हाय. दुष्काळानं किडं बी याडं झाल्यात. ह्यो दिवसा वरडतो न् रातच्याला गप. ऐतवारी तर तोंडच उघडत न्हाई.”

मी हसलो. बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पाचवीत असल्यासारखा गप्प झालो.

“कधीपासून ओरडतो?”

“झालं की पंधरा-वीस दीस.”

“नवमीला ओरडला?”

आश्रुबानं सुतळी खाली ठेवली. “न्हाई बघा. त्या दिशी गप हुता. म्हणलं, सणाचं त्यालाबी कळतं.”

बाईंचा आवाज एकदम हळू झाला. “आश्रुबा, नवमीला या खोलीचं कुलूप काढता ना तुम्ही?”

“काढतो की. अण्णांचं हत्यार हाय आत. पूजा नको व्हय?”

“चला, दाखवा.”

कुलूप उघडलं. आत जे दिसलं ते मी बारा वेळा बघितलं असेल. पण नीट असं त्या दिवशीच बघितलं. बाईंनी आत जायच्या आधी दार पुन्हा ओढून घेतलं आणि म्हणाल्या, “यातलं उद्यापर्यंत कुणाला काही बोलायचं नाही. तुम्हीही नाही, त्रिंबकराव. तिच्यावर आरोप सगळ्यांसमोर झालाय. तो सगळ्यांसमोरच फिटला पाहिजे.”

५

शनिवारची बैठक बाईंच्या आग्रहावरून मनकर्णाच्या टेबलाभोवती भरली. संचालक उभ्यानंच कुरकुरत होते. मनकर्णा खुर्चीत ताठ बसली होती. त्या नोकरीवर तिचं घर होतं, आणि नोकरीपेक्षाही तिच्या नावाला लागलेला डाग तिला खात होता. तिनं तो डाग घेऊन उमापूरला कसं जायचं आणि सासरी तरी कसं बसायचं?

“सुंदरराव, केबिनमध्ये जाऊन बसा,” बाई म्हणाल्या. “दार उघडं ठेवा. दोन्ही हात डोक्यावर. उत्तरेश्वर, तुम्ही दारात उभे राहा. त्यांनी फोनला हात लावला तर ओरडा.”

सगळे हसले. सुंदररावही हसत आत गेले आणि डोक्यावर हात ठेवून बसले. दारातून ते सगळ्यांना दिसत होते.

“मनकर्णा, साहेबांचा दिवा?”

“बंद हाय, बाई.”

बाईंनी मला खूण केली. मी खिडकीतून रुमाल हलवला. क्षणभर काही झालं नाही. मग मशीनवरचा दिवा लाल झाला.

मनकर्णा ताडकन उभी राहिली. “हाच! असाच लागलता!”

“हात लावला का त्यांनी?” बाईंनी मोठ्यानं विचारलं.

“न्हाई!” उत्तरेश्वर दारातून ओरडले. त्यांचा चेहरा उतरला होता. “हात डोक्यावरच हायेत! ह्यो काय परकार हाय, बाई? भानामती हाय का काय?”

“भानामती नाही. भक्ती आहे,” बाई म्हणाल्या. “चला माझ्या मागं.”

६

अण्णांच्या खोलीत भिंतीला एक काळा, जुना फोन होता. बोर्ड जळाल्यापासून मेलेला. त्याच्यापुढं फळीवर लाल फडकं, आणि त्या फडक्यावर आश्रुबानं त्याचा रिसीव्हर उतरवून, उताणा निजवून ठेवला होता. अगदी नवमीला ठेवला होता तसा.

“अण्णा केबिनमध्ये असोत की काट्यावर, त्यांना फोन दोन्हीकडं लागायचा,” बाईंनी सांगितलं. “कारण केबिनच्या वायरीला वाटेत फाटा फोडून हा फोन जोडला होता. बोर्ड जळाला, फोन मेला, फाट्याचं कुणाला स्मरण राहिलं नाही. बंकटनं जुनी वायर वापरली आणि दोन टोकंच बघितली. वायर जिवंत झाली तसा हाही जिवंत झाला. घंटीची वाटी कुणीतरी केव्हाच काढून कालवडीच्या गळ्यात बांधली होती. म्हणून साहेबांचा फोन वाजला की हा नुसता कर्र कर्र करायचा. हाच तो दिवसा ओरडणारा, रविवारी सुट्टी घेणारा रातकिडा. आणि नवमीला आश्रुबांनी नेमाप्रमाणं हत्याराला विसावा दिला.”

“म्हणून दिवा लाल,” मी म्हणालो.

“म्हणून दिवा लाल, म्हणून साहेबांचा फोन वाजला नाही, आणि म्हणून त्या दिवशी रातकिडाही गप्प. दसऱ्याला आश्रुबांनी फोन परत अडकवला आणि पुढच्या तपासणीत सगळं टकाटक.”

बंकटनं कपाळावर हात मारून घेतला. आश्रुबा मात्र मटकन खाली बसला. “म्हंजी गुरांचा घास म्या घालवला? आत मधमाशी गुणगुणल्यावानी आवाज येत हुता. मला वाटलं, अण्णा खूश हायेत.”

सगळ्यांच्या आधी मनकर्णा पुढं झाली. तिनं त्याचा हात धरून उठवलं. “मामा, तुमी तर पूजा केली. तुमाला काय ठावं त्यात जीव आलाय ते.”

सुंदरराव तिच्यासमोर येऊन उभे राहिले. अध्यक्ष माणूस, माफीची सवय नव्हती. शब्द जुळवायला वेळ लागला. “ताई, चुकलं माझं. आजपासून मी कुणाशीबी बोलत असलो तरी तुमी आत यायचं. दार वाजवायचं बी काम न्हाई.” उत्तरेश्वर जोडे शोधत होते. बाईंनी नुसतं “उत्तरेश्वर” म्हटलं. ते वळले, आणि सगळ्यांदेखत तिला हात जोडून म्हणाले, “मी बी लई वंगाळ बोललो, ताई.” त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की मी बंकटलासुद्धा चहा पाजला.

“सुंदरराव, राजीनाम्याचं संपलं. गुरांचं काय?” बाईंनी विचारलं.

मनकर्णा चाचरत बोलली. “बाई, उमापूरच्या छावणीत माझे चुलते हायेत, माणिकराव. फोन करायचं चार दिवस मनात हुतं. पण केला असता तर लोक म्हणले असते, बघा, माहेरशी सूत हाय.”

“आता कर.”

तिनं फोन लावला. पलीकडचा आवाज एवढा मोठा, की मला टेबलापलीकडं ऐकू आला. “आगं मनू, कवाधरनं वाट बघतोय! तुमच्या वाटणीचं बी हिकडंच आलंय म्हणं. एवढं वाढं आमच्या जनावरांना सरंना, उन्हानं सुकाया लागलंय. निम्मं घेऊन जा म्हणावं तुझ्या साहेबाला, गाड्या धाडा!”

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरव्या वाढ्याच्या गाड्या माळावर आल्या. आश्रुबानं पहिली पेंढी त्या हंबरणाऱ्या गाईपुढं टाकली आणि ती खाईपर्यंत तिथून हलला नाही.

बंकटनं अण्णांच्या फोनला फुकटात नवी, स्वतंत्र वायर टाकून दिली. कालवडीची आता गाय झाली होती. तिच्या गळ्यातली वाटी सोडून घंटीला बसवली. छावणीतली माणसं त्याच फोनवरून घरी निरोप द्यायला लागली.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. खंडेनवमीला मी मनकर्णाच्या टेबलापाशी उभा होतो, तेव्हा अण्णांच्या खोलीतून फोन आला. आश्रुबाच होता.

“ताई, अण्णांचा फोन उतरवू का? कुणाचा अडकणार न्हाई ना?”

“खुशाल उतरवा, मामा. त्याला आता सोताची वायर हाय.”

त्यानं फोन ठेवला तसा मशीनवरचा अण्णांच्या खोलीचा दिवा विझला, आणि थोड्या वेळानं पुन्हा लाल झाला. मनकर्णानं कोरड्या फडक्यानं काच पुसली, आणि दिवसभर तो दिवा तसाच लाल राहू दिला.